जुन्या जीपला घरीच रोलरनं रंग देता येतो का?

प्रश्न : वडिलांनी १९९८ साली घेतलेली महिंद्रा कमांडर अजून आमच्याकडे आहे. इंजिन ठणठणीत आहे. रोवणीच्या दिवसांत मजुरांना आणि खताच्या पोत्यांना तीच वाहते. पण रंग पार उडालाय, बोनेटवर पांढरे चट्टे आलेत आणि खालच्या अंगानं गंज धरलाय. दोन गॅरेजमध्ये विचारलं. दोन्हीकडचा आकडा ऐकून परत आलो, तेवढ्यात गाडीच विकत मिळेल. भिंतीला लावतात तशा रोलरनं घरीच रंग देता येतो असं ऐकलं, ते खरं का? आणि देता येत असेल तर मिलिटरी हिरवा द्यायचं मनात आहे.
— एक वाचक, तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया

उत्तर : खरं आहे, देता येतो. तुमच्या गाडीला तर तो चांगलाच बसेल. मिलिटरी हिरव्याचा बेत मात्र आधी सोडा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२१ वा नियम सांगतो की संरक्षण खात्याच्या गाड्या वगळता दुसऱ्या कोणत्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग द्यायचा नाही. जीप म्हटली की तोच रंग डोळ्यांपुढे येतो, हे मला समजतं. पण सैन्याची गाडी कुठली आणि खासगी कुठली यात रस्त्यावर घोटाळा होऊन चालत नाही.

दुसरा एखादा रंग देण्याआधी आरसी काढून बघा. गाडीचा रंग तिथे नोंदलेला असतो. तोच रंग पुन्हा द्यायचा असेल तर कोणाला विचारायची गरज नाही. बदलायचा असेल तर आधी आरटीओत अर्ज, मग रंगकाम, मग गाडी दाखवून आरसीवर नवी नोंद, असा तो क्रम आहे. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्यांचीही संमती लागते. नोंद न करता रंग बदलला की विकताना किंवा विम्याचा दावा करताना हमखास अडतं. जुनी काळी-पिवळी घेऊन घरच्या वापरासाठी रंगवायची असेल त्यांनी तर परमिटमधून गाडी खासगी करून घेतल्याशिवाय ब्रशसुद्धा उचलू नये. तुम्हाला माझा सल्ला विचाराल तर वडिलांनी आणली तेव्हा गाडीचा जो रंग होता, तोच द्या.

कागदांचं निघालंच आहे तर आणखी एक. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. १९९८ च्या गाडीचं हे काम २०१३, २०१८ आणि २०२३ मध्ये झालेलं असायला हवं. आता ते २०२८ मध्ये येईल. झालेलं नसेल तर रंगाचा डबा नंतर घ्या. दिल्ली परिसरात जुन्या डिझेल गाड्यांवर जे निर्बंध आले त्यांच्या बातम्या वाचून आपल्याकडेही लोक धास्तावतात, पण ते निर्बंध तिथले आहेत, गोंदियाला लागू नाहीत. आणि नूतनीकरणाच्या वेळी चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेतात, हे लक्षात असू द्या. त्या नंबरवर प्रायमर आणि रंगाचे चार थर बसले की कोरलेले आकडे बुजतात आणि मग ऐनवेळी तिथे खरवडत बसावं लागतं. काम सुरू करताना पहिली टेप त्या नंबरवर लावा.

आता रोलरकडे येऊ. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बहुतेक मोटारी हातानं रंगवल्या जायच्या. व्हार्निशचा थर ब्रशनं द्यायचा, वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा द्यायचा. एकेका गाडीला आठवडेच्या आठवडे लागत. १९२३ च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीनं ड्यूको हा नायट्रोसेल्युलोजचा रंग आणला. तो इतका झटपट वाळायचा की ब्रश दुसऱ्यांदा फिरवेपर्यंत पहिला फटका सुकलेला असायचा. म्हणून तो फवाऱ्यानंच द्यावा लागला, आणि कारखान्यांचं काम आठवड्यांवरून तासांवर आलं. गॅरेजमधला कॉम्प्रेसर आणि स्प्रे गन आली ती या घाईतून. घरी तुम्हाला ती घाई नाही. सावकाश वाळणारा रंग घेतला तर तो रोलरनं लावता येतो आणि वाळायच्या आधी आपोआप सपाट होतो. परदेशात होड्या रंगवणारे लोक हे कित्येक वर्षं करत आलेत : एक जण रोलर फिरवतो आणि दुसरा मागोमाग कोरड्या ब्रशच्या टोकानं बुडबुडे मोडत जातो. अमेरिका-कॅनडातल्या हौशी मंडळींनी तीच रीत जुन्या मोटारींवर आणली. आपल्याकडे ट्रकच्या लाकडी बॉडीला आजही ब्रशनंच इनॅमल देतात आणि त्यांना ऊन-पाऊस तुमच्या जीपपेक्षा जास्त सोसावा लागतो.

रोलरचा आणखी एक मोठा फायदा म्हणजे रंग गाडीवरच राहतो. फवारा मारला की त्यातला बराचसा हवेत उडतो. तो छातीत जातो आणि शेजारच्या वाळवणावरही बसतो. गॅरेजमध्ये हल्ली जो टू-के पीयू रंग वापरतात त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा फुप्फुसाला फार वाईट, दम्यासारखा आजार कायमचा मागे लागू शकतो. तोंडाला रुमाल बांधून अंगणात तो फवारणं मला अजिबात मान्य नाही.

तुम्ही घ्यायचा तो साधा सिंथेटिक इनॅमल, ग्लॉस, नामांकित कंपनीचा. खिडकीच्या गजांना आणि लोखंडी फाटकाला देतात तोच. कमांडरला चार लिटरचा डबा सहसा पुरतो. सोबत तारपीन म्हणजे मिनरल टर्पेंटाइन, चार इंची बारीक फोमचे रोलर, एक मऊ ब्रश, रेड ऑक्साइड प्रायमर आणि वॉटर पेपर. भिंतीचा लोकरी रोलर चालत नाही, त्याचे केस रंगात अडकतात. मेटॅलिक रंग रोलरनं देऊ नका. त्यातली धातूची चमकी जागोजागी वेगवेगळ्या दिशेनं बसते आणि गाडी ढगाळ दिसते. काळा आणि गडद निळा पत्र्याचा प्रत्येक पोचा उघडा पाडतात. पांढरा, क्रीम, फिकट राखाडी हे सांभाळून घेणारे रंग आहेत.

तुमची गाडी या कामाला उत्तम, कारण तिचा पत्रा बहुतेक सपाट आहे. पण रंगकाम कशासाठी करायचं हे डोक्यात पक्कं हवं. झिलई हा त्यातला वरचा लाभ झाला. रंग द्यायचा तो पत्रा वाचवायला. तुमची जीप खताची पोती वाहते असं तुम्ही लिहिलंय, तिथेच मला काळजी वाटली. युरिया आणि पोटॅशचे सांडलेले दाणे हवेतला ओलावा ओढून घेतात आणि पत्र्याला लागून त्याचं खारं पाणी होतं. वरून बांधीतला चिखल चाकांच्या कमानीत बसतो आणि पावसाळाभर ओला राहतो. तेव्हा पहिल्या दिवशी रबरी मॅट उचला, मागची बाकं सोडा, बॅटरीचा ट्रे काढा, फूटबोर्डच्या खालून हात फिरवा. मागच्या फळक्याच्या बिजागऱ्या आणि पत्रा दुमडलेल्या सगळ्या कडा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून बघा. जिथे आवाज बद्द येतो किंवा टोक आत जातं, तिथे रंगाचं काम नाही. तो तुकडा कापून नवा पत्रा वेल्डिंग करून घ्या. चाळण झालेल्या पत्र्यावर पुट्टी थापून वर रंग मारणारे बरेच असतात. एका पावसाळ्यात ती पुट्टी फुगते आणि आतला गंज तोपर्यंत दुप्पट झालेला असतो.

वरवरचा गंज तारेच्या ब्रशनं आणि ८० नंबरच्या पेपरनं चकचकीत धातू दिसेपर्यंत काढायचा. खड्ड्यांतला काळपट गंज निघत नसेल तर फॉस्फरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर मिळतं, ते डब्यावर लिहिल्याप्रमाणे वापरा. जुना रंग घट्ट धरून असेल तर तो उपटून काढायची गरज नाही. २२० आणि मग ३२० नंबरच्या वॉटर पेपरनं पाणी घालत तो पूर्ण मट्ट करा, नवा रंग त्यालाच पकडतो. कोरडा घासू नका. त्या काळच्या रंगांत शिसं असण्याची शक्यता धरूनच चालावं. रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे आपले नियम २०१६ चे, ते १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले आणि तेही घरगुती व सजावटीच्या रंगांपुरते. ओलं घासलं की धूळ उडत नाही. मुलांना दूर ठेवा, जेवणाआधी हात साबणानं धुवा, आणि घासकामाचं ते पाणी विहिरीकडे किंवा बोडीकडे वाहू देऊ नका. पुट्टी मात्र कोरडीच घासावी लागते, कारण ती पाणी पिते. तेवढ्यापुरता चांगला मास्क लावा.

हे झाल्यावर गाडी साबणाच्या पाण्यानं धुऊन, पूर्ण वाळवून, तारपिनात भिजवलेल्या स्वच्छ फडक्यानं पुसा. डिझेलचा हात किंवा पॉलिशचा अंश जिथे राहील तिथून ओला रंग मागे सरकतो आणि बारीक खड्डे पडतात. उघड्या धातूवर त्याच दिवशी रेड ऑक्साइड द्या. प्रायमर सच्छिद्र असतो, दव पडलं तर ओलावा आत घेतो; म्हणून प्रायमर दिलेली गाडी रात्री उघड्यावर ठेवायची नाही.

एक धोक्याची सूचना. दुकानदार कधी कधी एनसी (नायट्रोसेल्युलोजची) पुट्टी आणि एनसी थिनर हातात ठेवतो, कारण गॅरेजवाले तेच नेतात. इनॅमलवर ते लावलं की खालचा रंग सुरकुत्या पडून वर येतो, आणि मग सगळं खरवडण्यावाचून इलाज नाही. खालपासून वरपर्यंत एकाच जातीचं सामान वापरा.

आता प्रत्यक्ष रंग. इनॅमल नुसता थिनर उडून वाळत नाही. त्यातलं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं आणि हे वरून आत होत जातं. जाड थर दिला तर तापवलेल्या दुधावर साय धरते तसा वर पापुद्रा धरतो आणि आत रंग कच्चाच राहतो. त्यामुळे या कामात पातळ थर हाच सगळा हिशोब आहे. तारपीन किती घालायचं याचं ठरीव माप मी देणार नाही, कारण ते कंपनीगणिक आणि त्या दिवसाच्या उन्हागणिक बदलतं. जुना पत्र्याचा तुकडा उभा धरून त्यावर रोलर फिरवा. पाच मिनिटांत रोलरची खडबड मिटली आणि ओघळ आला नाही, की झालं मिश्रण. खडबड राहिली तर तारपीन थोडं वाढवा, ओघळ आला तर थोडा रंग.

रोलर रंगात बुडवायचा नाही, ट्रेच्या उतारावर दोन-तीनदा फिरवून जवळजवळ कोरडा करायचा. एका वेळी एकच फळी घ्या, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न थांबता. शेवटचा हात रोलरच्या स्वतःच्या वजनानं, न दाबता. पहिला थर बघून तुम्ही निराश व्हाल. खालचा रंग आरपार दिसतो, पट्टे दिसतात. तो तसाच दिसायला हवा. दुसऱ्या दिवशी दुसरा थर, आणि तो वाळला की ६०० नंबरचा ओला पेपर सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळून हलका फिरवायचा.

हा टप्पा सगळ्यात आनंदाचा आहे. घासताना रंगाचं दाट पाणी सुटतं. ते रबरी पट्टीनं ओढून काढलं की फळीवर दोन प्रकारच्या जागा दिसतात : मट्ट झालेल्या आणि अजून चमकणाऱ्या. मट्ट म्हणजे उंचवटा, पेपर तिथे पोचला. चमकणारा ठिपका म्हणजे खोलगट भाग, तिथे रंग अजून भरायचाय. आधी चमकणारे ठिपके फळीभर विखुरलेले असतात. पुढच्या दोन थरांनंतर ते मोजके उरतात. सहाव्या थराच्या सुमारास सगळी फळी एकसारखी मट्ट होते, आणि त्या दिवशी तळहात फिरवला तर कुठेही अडत नाही. कडांवर मात्र पेपर पटकन खातो, म्हणून घासण्याआधी प्रत्येक कडेला टेप लावा.

सुरुवात मागच्या फळक्यापासून करा आणि बोनेट शेवटी घ्या, तोवर हात बसलेला असतो. रेडिएटरच्या जाळीवर, ब्रेकच्या रबरी नळ्यांवर, ग्रीसच्या निपलवर आणि रिफ्लेक्टरवर रंग जाऊ देऊ नका. नंबर प्लेट काढून ठेवलेली बरी. शेवटच्या थरानंतर तीन-चार आठवडे गाडीवर ताडपत्री टाकायची नाही, तिची वीण रंगावर उमटते. रंग पुरता कडक झाल्यावर १०००, १५००, २००० असे पेपर आणि वर रबिंग कंपाउंड मारलं तर आरशासारखं नाही, पण स्वच्छ प्रतिबिंब देणारं काम होतं. एवढं करायची इच्छा नसेल तर शेवटचा थर आहे तसा ठेवा, शेतीच्या गाडीला तो पुरेसा आहे. इनॅमल उन्हानं काही वर्षांत फिका पडतो हे खरं. पण तेव्हा पुन्हा सगळं करावं लागत नाही, हलकं घासून एक-दोन थर दिले की भागतं.

केव्हा करायचं हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण गोंदिया जिल्ह्यात तोच कळीचा आहे. पावसाळा बाद. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आकाश निवळतं खरं, पण धान उभं असताना संध्याकाळी दिव्याखाली तुडतुड्यांचा खच पडतो, आणि ओला रंग त्यांच्यासाठी चिकट सापळाच ठरतो. मागोमाग मळणी सुरू होते आणि हवाभर भुसा असतो. गाव राइस मिलच्या जवळ असेल तर कोंडाही. डिसेंबर-जानेवारीत विदर्भातली कडक थंडी आपल्याच भागात पडते, पहाटे दव असतं आणि इनॅमल वाळायचं नाव घेत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीशी ओलांडतो, पत्रा तापतो, आणि रोलर परत येईपर्यंत आधीची कड वाळून जोड दिसायला लागतो. फेब्रुवारी ते मार्चचा मध्य, हे तुमचे दिवस. सकाळी दव उडून गेल्यावर काम सुरू करा आणि तिसऱ्या प्रहरापर्यंत थांबवा. संध्याकाळचा गारवा ओल्या रंगाची चमक मारतो. गाडी सपरीत किंवा रिकाम्या कोठ्यात, वारा खेळेल पण धूळ येणार नाही अशा जागी घ्या, आणि जमिनीवर आधी पाणी शिंपडा.

सावलीची जागा शोधताना तणशीच्या ढिगाजवळ मात्र जाऊ नका. इनॅमल आणि तारपिनानं भिजलेली फडकी गोळा करून फेकली तर रंगातलं तेल हवेशी क्रिया करताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. काडी, ठिणगी काही लागत नाही. फडकी दोरीवर सुटी पसरून पूर्ण वाळू द्या किंवा पाण्यानं भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाका. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा, विशेषतः अंगण झाडणाऱ्याला.

प्रश्न : माझ्याकडे जुनी बजाज चेतक आहे. तिलाही रोलर चालेल का?
— एक वाचक, तिरोडा

उत्तर : तुमच्या चेतकला मी रोलर सुचवणार नाही. १९७२ पासून निघालेल्या या स्कूटरचं अंग पोलादी पत्र्याचं आणि जवळजवळ सगळीकडे गोलाईचं. रोलर गोल भागावर मधोमध टेकतो आणि दोन्ही बाजूंना रेघा सोडतो. बाजूचे डबे सोडवून टेबलावर ठेवले तर दोन इंची रोलरनं जमेल, पण पुढची ढाल आणि मडगार्ड जमणार नाही. तुम्ही अर्धं काम घरी करा. सुटे भाग काढा, गंज काढा, जुना रंग घासून मट्ट करा, पोचे पुट्टीनं भरून सपाट करा. गॅरेजच्या बिलात मोठा वाटा या मजुरीचाच असतो. मग सुटे भाग पेंटरकडे न्या, प्रायमर आणि फवारा त्याच्याकडून घ्या. पुट्टी कोणती वापरायची हे मात्र त्याला आधीच विचारा, म्हणजे त्याचा रंग आणि तुमची पुट्टी एकमेकांना धरून राहतील. ढालीची आतली बाजू आणि फूटबोर्डची रबरी पट्टी बसते ती जागा नीट घासा. पट्टीखाली पाणी साचतं आणि चेतकचा पत्रा बहुधा तिथूनच सडायला लागतो.